सात नंबरचा चौकोन

खरं म्हणजे तो थेंब टाकायची काही गरजच नव्हती. या उतारावरच्या मातीत चुना नाही, म्हणजे आम्लाने फसफसायला काही नाही, हे तेवीस वर्षांपूर्वी ठरून गेलं होतं, आणि एकदा ठरलेलं प्रयोगशाळेत कुणी पुन्हा उकरून काढत नाही. पण पुढच्या सोमवारी बाहेरचे पाहुणे अहवाल ऐकायला येणार होते, त्यांनी आधीच पाठवलेल्या यादीत ‘आम्लाची चाचणी, बाराही चौकोन’ असं एक कलम होतं, म्हणून मंगळवारी सकाळी साडेदहाला ती बारा पांढऱ्या बशा ओळीने मांडून, मातीच्या एकेका चिमटीवर आम्लाचा एकेक थेंब सोडत होती. एक, काही नाही. दोन, काही नाही. तीन, चार, पाच, माती नुसती ओली होऊन गप्प. हात आपोआप चालत होता आणि डोक्यात भलतंच, घरचा नळ ठिबकतोय, प्लंबरला तिसऱ्यांदा फोन करायचा की आता त्याच्या दारातच जाऊन बसायचं. सहा, काही नाही. सातवर थेंब पडला आणि बशीतून आवाज आला. सुर्र. अगदी बारीक, पण आला. थेंबाभोवती पांढरे बुडबुडे उठले, क्षणभर फसफसले आणि विझले. तिने बशी धुतली, पुसली, डब्यातून नवी चिमूट घेतली, ड्रॉपर बदलला आणि कान बशीजवळ नेऊन पुन्हा थेंब टाकला. सुर्र. मग तिने उरलेल्या पाच बशांवर भराभर थेंब टाकून घेतले. त्या सगळ्या निमूट होत्या.

तिला सगळे मातीमावशी म्हणत. शिपायापासून थेट डॉक्टरबाईंपर्यंत सगळे. डॉक्टरबाई म्हणजे इथल्या प्रमुख. डॉक्टरकी फक्त मातीवर, माणसाला साधी सर्दी झाली तरी म्हणणार, ‘मला काय विचारताय, दवाखान्यात जा.’ मावशीचं काम वर्षानुवर्षं एकच. बुधवारी गाडीने शहराबाहेरच्या उतारावर जायचं, तिथे हमरस्त्याच्या कडेला दोरीने आखलेले बारा चौकोन आहेत, त्यांची माती आणायची, वाळवायची, चाळायची, मोजायची आणि वहीत लिहायचं. मोजायचं काय, तर मातीत कार्बन किती उरलाय. रस्त्यावरून दिवसरात्र गाड्या जातात. त्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून खाली येतो, कधी धुळीबरोबर, कधी दवाबरोबर. गवताला तो थोडा थोडा हवाच असतो, पण रोज रोज फुकट मिळालं की कुणाचंही बिघडतं, तसंच मातीचं. माती आंबट होत जाते. आंबटपणा वाढला की मातीतला चुन्याचा अंश सुटून वाहून जातो, आणि जुन्या पानांचा, मुळांचा, शंभर शंभर वर्षं धरून ठेवलेला कार्बन त्याच चुन्याच्या हाताने मातीला चिकटून असतो. हात सुटला की तो निघाला परत हवेत. अकरा चौकोनांत हेच झालं होतं. तेवीस वर्षांपूर्वी किलोमागे चौदा ग्रॅम होता, आता जेमतेम नऊ. फक्त सात नंबर हलला नव्हता. उलट पंधराच्या वर गेला होता. डॉक्टरबाईंनी त्याच्यावर सात वर्षं घालवली होती. त्यांच्या मते सात नंबरमध्ये जे पिवळट तुऱ्याचं गवत आपोआप उगवलं होतं, त्याच्या मुळांत काहीतरी गंमत होती. सोमवारी त्या हेच सांगणार होत्या. काचेपलीकडच्या त्यांच्या खोलीत फळ्यावर सात नंबरचा हा एवढा मोठा फोटो लावलेला होता, नवऱ्यामुलाचा लावावा तसा.

आता मावशीने काय करावं, तर सरळ बाईंना हाक मारावी. पण तिने आधी भिंग काढलं. सातच्या डब्यातली माती तिने कागदावर पसरली आणि चिमट्याने एकेक कण बाजूला सारत गेली. मातीत माणूस काय शोधतो ते शोधायच्या आधीच त्याला ठाऊक असतं की काय कोण जाणे.  मग भिंगाखाली आला तो. पांढरा, मोहरीहून लहान, किंचित वाकलेला, एका बाजूने फिक्कट तपकिरी. त्याला आतून साबणाच्या पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलं होतं. तिने तो चिमट्यात धरला आणि ओळखला. बाई गं, अंड्याचं टरफल! तिला खुदकन हसू आलं. मोठ्याने, एकटीलाच. आणि ते हसू घशात असतानाच तिच्या पाचावर धारण बसली.

कारण अंडी तिचीच होती. तिची आणि ड्रायव्हरची. पहिल्या बुधवारी म्हाताऱ्या साहेबांनी, म्हणजे बाईंच्या आधीच्या प्रमुखांनी, तिच्या हातात कोरी वही दिली तेव्हा गाडी चालवायला आला तो एकोणचाळीस वर्षांचा, उंच, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली. ती चौतीसची. दोघंही लग्नाच्या बाजारातून केव्हाच उठलेली, घरच्यांनी नाद सोडलेला. गाडीत तो बोलला नाही, ती बोलली नाही. उतारावर मात्र झाड एकच, आणि झाडाची सावली दुपारी बाराला पडायची ती सात नंबरच्या दोरीला लागून. म्हणजे बसायचं तर तिथेच. तिने भाकरतुकडा काही आणला नव्हता, पहिल्या दिवशी जीव थाऱ्यावर कुठे असतो. त्याने डबा उघडला. चार उकडलेली अंडी आणि कागदाच्या पुडीत मीठ. त्याने दोन तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, “खा. मी धूर सोडत आलोय, तुम्ही तो मोजणार आहात. आपलं दोघांचं पोट एकाच धुरावर.” तिला ठसका लागला इतकी ती हसली. त्यानंतर ती इतकं मनापासून पुष्कळदा हसली, पण ते ठसक्याचं हसणं पहिलंच. खाऊन झालं आणि टरफलांचा प्रश्न आला. गाडीत ठेवली तर वास येतो म्हणून आधीच्या नोकरीतल्या साहेबाने त्याला झापलेलं, उघड्यावर टाकणं त्याच्या तत्त्वात बसेना. त्याने ती तळहातावर घेतली, दुसऱ्या तळहाताने रगडली, रगडली, पार पिठी केली, आणि दोरीवरून हात पलीकडे नेऊन भुरभुर सोडून दिली. म्हणाला, “मातीचं मातीला.” आणि हात झटकून गाडीकडे गेला.

त्याच वहीत एक रकाना होता. म्हाताऱ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने आखलेला. ‘बाहेरून काही पडलं का? कुठून?’ साहेब या रकान्याबाबत फार कडक. चौकोनात वाऱ्याने पान आलं, पाखराचं पीस पडलं, गाडीतून कुणी कागद भिरकावला, सगळं लिहायचं. आणि तिने लिहिलं होतं. तेवीस वर्षांत काय काय लिहिलं होतं! पीस, एक, पारव्याचं. बसचं तिकीट, अर्धं, वाऱ्याने. मेलेला भुंगा. एकदा तर लग्नाच्या वरातीतला फुगा, लाल, फुटका. मातीमावशीची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं नव्या लोकांना सांगितलं जायचं, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण ऐकायची. मग टरफलं? दर बुधवारी चार अंड्यांची टरफलं तिच्या डोळ्यांदेखत सात नंबरात पडली आणि दर बुधवारी तिने त्यासमोर लिहिलं, ‘नाही’. खोटं लिहायचं म्हणून नाही हो! मनातसुद्धा आलं नाही. बाहेरून म्हणजे रस्त्यावरून, आभाळातून, परक्यांकडून. ती आणि तो बाहेरचे कधी झाले? साताला लागून बसून त्यांनी अंडी खाल्ली, मग नावं विचारली, मग घरचं सांगितलं, मग एका बुधवारी त्याने मिठाच्या पुडीवर पेन्सिलीने लग्नाचं विचारलं आणि तिने पुडी उलटी करून उत्तर लिहिलं. त्या जागेला ती बाहेरची कशी असेल? आपल्या घरात आपण आलो-गेलो ते कुणी वहीत लिहितं का?

हे सगळं तिला एकदम उमगलं आणि ती स्टुलावर बसली. काचेपलीकडे डॉक्टरबाई फळ्यासमोर उभ्या राहून मोठ्याने सराव करत होत्या. आवाज येत नव्हता, पण हात हलत होते. मध्येच त्या फोटोकडे बोट करून कुणा न दिसणाऱ्या पाहुण्याकडे बघून हसल्या. सात वर्षं. त्या गवताची मुळं धुताना बाईंना मावशीने पाहिलं होतं, दात घासायचा ब्रश घेऊन तासन्‌तास. आणि गवत तिथे आलं तेच मुळी टरफलातल्या चुन्यामुळे असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा ठेवलाय कुणी, तर मावशीने. बरं, त्याहून वाईट एक होतं. टरफलातसुद्धा कार्बन असतोच. मातीत चुना नाही म्हणून गेली तेवीस वर्षं माती आम्लाने न धुताच यंत्रात घालत आले. म्हणजे सात नंबरचे पंधरा ग्रॅम म्हणून जे फळ्यावर लिहिलंय, ते मातीने राखलेलं की नुसती अंडीच मोजली? आजवर मोठ्या डौलाने मोजलं ते आपलंच दुपारचं जेवण निघायचं!  चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या दिवशी बाई तिच्या वहीबद्दल बोलणार होत्या, तसं त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. आणि समोर बशी होती, एवढीशी. नळाखाली धरली की संपलं. सातच्या डब्यातून भिंगाखाली स्वच्छ अशी चिमूट निवडून घेतली असती तर ती फसफसलीही नसती. कोण बघणार होतं? तिने बशी उचललीसुद्धा. नळापर्यंत नेली. नळ सोडला. पाणी वाहत राहिलं आणि ती बशी हातात धरून तशीच उभी राहिली, कारण तिला दिसत होते ते त्याचे तळहात, टरफलं रगडणारे, पांढरे झालेले, आणि तिला वाटलं, हे जर मी धुऊन टाकलं तर ते बुधवार झालेच नाहीत असं होईल. पीस लिहिलं, फुगा लिहिला, आणि आपणच तेवढे वगळले. तिने नळ बंद केला.

“बाई,” ती दारात उभी राहून म्हणाली, “जरा एक थेंब ऐकायला येता?”

“ऐकायला?” बाई हसल्या. “मावशी, थेंब बघतात.”

“हा ऐकायचाय.”

बाई आल्या. मावशीने थेंब टाकला. सुर्र. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त त्यातून त्या निघून गेल्या. त्यांनी स्वतः ड्रॉपर घेतला, पुन्हा टाकला. पुन्हा सुर्र. “कुठला हा?” “सात.” “शक्यच नाही.” मग मावशीने भिंग त्यांच्याकडे सरकवलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. थांबली असती तर उरलेलं निघालं नसतं. झाड, सावली, डबा, मिठाची पुडी, ‘मातीचं मातीला’, रकाना. सांगताना तिला लाज वाटत होती आणि, काय सांगावं, मधूनच आनंदही होत होता, कारण हे सगळं तिने आजवर कुणालाच असं ओळीने सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

 बाई भिंगातून तो कण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं गवत गेलं.”

“गेलं,” मावशी म्हणाली. “माझ्यामुळे गेलं.”

“दात घासायचे किती ब्रश वाया गेले माझे.”

“नऊ,” मावशी म्हणाली. ते वहीत होतं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. चिडलेल्या होत्या, अगदी नाक लाल झालं होतं. त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या, खुर्ची ओढली, बसल्या नाहीत. “तेवीस वर्षं ‘नाही’ लिहिलंत, मावशी. तुम्ही! दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी...” आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. “आधी धुवा. सातची माती आम्लाने धुवा, टरफलाचा कार्बन काढून टाका आणि पुन्हा लावा यंत्रात. खाली काय उरतं ते बघू. नऊ उरले तर आपण तेवीस वर्षं अंडी मोजली. सोमवारी तेच सांगीन मी पाहुण्यांना, दुसरं काय.” दारापाशी जाऊन त्या वळल्या. “आणि आकडा पाहिजे मला. किती टरफलं? अंदाजे नको. घरी फोन करा आणि नवऱ्याला विचारा.”

माती धुवायला, वाळायला, यंत्राला मिळून चार तास. त्या चार तासांत मावशीने फोन केला तो टेबलाखालच्या खोक्यावर बसून, मांडीवर कागद घेऊन. ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. नवा ड्रायव्हर उतारावर गाडीतच गाणी ऐकत बसतो, पण हा मात्र दर बुधवारी स्वतःच्या स्कूटरवरून डबा घेऊन हजर. घरच्या जेवणाला चव नाही म्हणे.

“अहो, ऐका. ती टरफलं सापडली.”

“कुठली?”

“सातमधली. सगळं बिघडलंय. आता शांतपणे सांगा, तेवीस वर्षांत बुधवार किती चुकले?”

 मग तो म्हणाला, “तुला नोकरीवरून काढलं का?” त्याच्या आवाजात भीती होती, आणि तिला त्याच्याबद्दल एकदम माया दाटून आली. “नाही काढलं,” ती म्हणाली. “मोजायला सांगितलंय.” “मग मोजू की. त्यात काय!” आणि ते मोजायला बसले. वर्षाला पन्नास बुधवार धरू. दोन बुधवार सुट्टीचे. लग्नाचा आठवडा वजा. “वजा कशाला?” तो म्हणाला. “लग्न शनिवारी होतं. बुधवारी आपण उतारावरच होतो. तू म्हणालीस, आता तीन दिवस हळद-बिळद काही लावून घेणार नाही, मातीच पुरे.” खरंच की. तिने खोडलं. मग लेकीच्या वेळची रजा. चार महिने ती उतारावर गेली नव्हती, दुसरीच एक बाई नमुने घ्यायची. “ते सोळा बुधवार वजा,” ती म्हणाली. “वजा नको. मी जायचो ना गाडी घेऊन.” “पण दोनच ना मग? तुमची दोन.” तो जरा घुटमळला. “चार. तुझ्या वाटची दोन पण मीच खायचो. चार उकडायची सवय झालेली, आणि तुझी बाजू रिकामी बघवायची नाही.” तिने कागदावर चार लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी घेतली.

मग ते भांडण आलं. ते कधीतरी येणारच होतं. अठरा वर्षांपूर्वी, कशावरून ते आता दोघांनाही नक्की आठवत नाही, बहुतेक त्याच्या बहिणीला घरात किती दिवस ठेवून घ्यायचं यावरून, ते पाच आठवडे एकमेकांशी बोलले नव्हते. उतारावर जात मात्र होते, नोकरी होती ना. तो साताच्या या बाजूला बसायचा आणि ती उन्हात त्या बाजूला. मध्ये चौकोन. तिला त्या उन्हाची धग अजून मानेवर जाणवते, आणि समोर दोरीपलीकडे त्याची खाली घातलेली मान. आपापली अंडी आपापल्या डब्यात. “ते पाच बुधवार दोन-दोन,” ती म्हणाली. “मी माझी टरफलं टाकली नाहीत. दोरीच्या गाठीवर ठेवून निघून जायची. हट्टाने.” “माहितीये.” “मग वाऱ्याने उडाली असतील.” “उडाली कशी असतील?” तो म्हणाला. “तू गाडीकडे गेलीस की मी उचलायचो. माझ्यातच मिसळून रगडायचो.”  अठरा वर्षं या माणसाने हे सांगितलं नव्हतं. मानी, आडमुठा, उकडलेल्या अंड्यात मीठ जास्त घालणारा माणूस. “सांगितलं का नाही?” “त्यात सांगायचं काय? टरफलंच ती.” तिने डोळे पुसले आणि पाच बुधवारांसमोर चार लिहिलं. त्याच्या ऑपरेशनचे सहा आठवडे राहिले. तेव्हा ती एकटी गेली होती. “ते दोन-दोन,” तो म्हणाला, “मी तर दवाखान्यात पेज गिळत होतो.” पण तिला आता लख्ख दिसत होतं. डब्यात चार अंडी, दोन खाल्लेली, आणि उरलेली दोन सोलून गाडीवाल्या बदली माणसाला दिलेली, आणि टरफलं, चारही अंड्यांची, तिच्याच तळहातावर. त्याच्यासारखी पिठी व्हायची नाही तिच्याकडून, टोचायची. तरी तिने रगडली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, बारीक झाली तर तो बरा होईल. खुळेपणा नुसता. तिने त्याला हे आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो घसा खाकरून म्हणाला, “मग चारच लिही.”

तेवीस वर्षांत एकही बुधवार कमी पडला नव्हता. हे तिला कागदावर खालपर्यंत आल्यावर कळलं. भांडण, बाळंतपण, दवाखाना, सगळीकडे चार. वर्षाला दोनशे अंडी, तेवीस वर्षांची चार हजार सहाशे, टरफल एकाचं सहा ग्रॅम. साडेसत्तावीस किलोच्या वर. एवढ्याशा चौकोनात! तिला माणसाच्या मायेचं वजन वगैरे असलं काही सुचलं नाही, ती मोजणाऱ्यातली होती. तिला फक्त इतकंच वाटलं, की अगं बाई, केवढं हे.

साडेतीनला यंत्राने आकडा दिला. बाई आणि मावशी दोघी स्क्रीनपुढे वाकल्या होत्या, डोकं डोक्याला लागेल इतक्या. मावशीने डोळे मिटून घेतले. “मावशी,” बाई म्हणाल्या, “तेरा पॉइंट एक.” मावशीने डोळे उघडले. “धुऊन?” “धुऊन.” बाकीच्या अकरांत नऊ. साताला धुतलं, अंड्यांचं अंड्यांना दिलं, तरी तेरा. म्हणजे तो जुना कार्बन, चौकोन आखायच्याही आधीचा, शंभर वर्षांमागच्या मुळांचा, मातीत तसाच होता. रस्त्यावरून तोच धूर आला, तोच नायट्रोजन पडला, तीच आंबट ओल खाली उतरली, पण इथे तिला आधी टरफलं भेटली. आंबटपणा त्यांनी स्वतःवर घेतला आणि मातीचा हात सुटू दिला नाही. बाईंनी हे सगळं भराभरा बोलून टाकलं आणि मग एकदम हसत सुटल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग आवाजाने, मग चष्मा काढून, खुर्चीला धरून. “साडेसत्तावीस किलो! मावशी, लोक चुना पोत्याने टाकतात, तुम्ही टाकलात दोन-दोन अंड्यांनी. आणि मी बसले गवत घासत.” मावशीलाही हसू फुटलं. दोघी इतक्या हसल्या की शिपाई बघायला आला, त्याला वाटलं काहीतरी फुटलं.

“पण हा पुरावा नाही हं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “एक चौकोन म्हणजे नुसती चाहूल. नीट करायला पाहिजे. नवे बारा आखायचे, सहांत टरफल, सहांत नाही. सोमवारी पाहुण्यांना मी सगळं सांगणार आहे, गवत फसलं तेसुद्धा, वही चुकली तेसुद्धा. तुमचं नाव येईल त्यात, मावशी. चुकीसकट.”

“येऊ दे,” मावशी म्हणाली. आणि तिला आश्चर्य वाटलं, कारण ते तिने खरंच मनापासून म्हटलं होतं. “मग उद्यापासून आम्ही झाडाखाली नाही बसणार. गाडीतच खाऊ.” हे म्हणताना मात्र तिचा आवाज पडला.

“खबरदार!” बाई ओरडल्या. “तेवीस वर्षं चाललेला प्रयोग मध्येच थांबवतात का कधी? साताला जे मिळत आलंय ते मिळालंच पाहिजे. दर बुधवारी चार. कमी नाही, जास्त नाही. निवृत्तीनंतरसुद्धा. ही सूचना नाहीये, हुकूम आहे.”

दुसऱ्या दिवशी बुधवार. बाराला सावली सातच्या दोरीला लागली. ड्रायव्हर स्कूटर लावून, डोक्यावरचं हेल्मेट काखेत धरून आला. त्याने स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते, आणि बाईंना बघून तो असा अवघडला की जणू मुलगी बघायला आलाय. बाई छोटा वजनकाटा घेऊन आल्या होत्या, पिशवीत ठेवून. त्यांना त्याने विचारलं, “तुम्ही खाणार का एखादं?” आणि लगेच स्वतःच जीभ चावली. “नको, नको, आकडा बदलेल.” बाई म्हणाल्या, “बघा, हे खरे संशोधक.” मग तो बसला, मावशी बसली. रस्त्यावर गाड्या जात होत्या, एकामागून एक, आणि हवेला तो नेहमीचा किंचित कडू वास होता. मीठ जास्तच पडलं होतं. तिने ते त्याला सांगितलं, तेवीस वर्षं सांगत आली तसं. टरफलं काट्यावर ठेवली गेली. चोवीस ग्रॅम. त्याने ती तळहातावर घेतली, आणि रगडायच्या आधी, पहिल्यांदाच, थांबून तिच्याकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. “अहो, टाका की,” ती म्हणाली. त्याने रगडली, पिठी केली, दोरीवरून हात नेला आणि भुरभुर सोडली. पिवळ्या तुऱ्याचं गवत जरासं पांढरं झालं.

तिने वही उघडली. बाई म्हणाल्या होत्या, जुन्या ‘नाही’वर रेघ मारायची नाही, लिहिलेलं खोडायचं नसतं. आजचं आज लिहायचं. तिने तारीख घातली. ‘बाहेरून काही पडलं का?’ यासमोर पेन टेकवून ती क्षणभर थांबली, मग लिहिलं, ‘हो. अंड्यांची टरफलं, चोवीस ग्रॅम.’ त्याच रकान्यात पुढे होतं, ‘कुठून?’ त्यात आजवर वारा होता, पारवा होता, रस्ता होता. तिने तिथे लिहिलं, ‘आम्ही दोघं.’ ड्रायव्हरने मान वाकडी करून वाचलं, हात पँटला पुसले आणि म्हणाला, “एक ‘नाही’ पण लिही. आम्ही बाहेरचे नाही.” “गप्प बसा,” ती म्हणाली, “रकान्यात तेवढी जागा नसते.” आणि वही मिटून तिने त्याच्याकडे मिठाची पुडी मागितली, अजून एक सोललेलं अंडं उरलं होतं.